ज्येष्ठ कामावर राहिले, तर तरुणांचं काम जातं का?

प्रश्न : राज्य सरकारी नोकरीतलं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, अशी मागणी निघाली की आम्हा स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या पोटात गोळा येतो. ज्येष्ठ जास्त वर्षं कामावर राहिले की तरुणांच्या नोकऱ्या घटतात, हे खरं आहे का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : सरकारी नोकरीपुरती तुमची धास्ती रास्त आहे. तिथे मंजूर पदं ठरलेली असतात. निवृत्ती दोन वर्षं लांबली, की तेवढा काळ त्या जागा अडतात.

पण सगळ्या अर्थव्यवस्थेला हा हिशोब लागू पडत नाही. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज या अर्थतज्ज्ञांनी संपादित केलेला बारा देशांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्येष्ठांना लवकर घरी बसवलं म्हणून तरुणांना जास्त काम मिळालं, असं त्यात कुठेही दिसलं नाही. कारण कमावता माणूस खर्चही करतो आणि त्या खर्चातून दुकानदाराला, गवंड्याला, रिक्षावाल्याला काम मिळतं.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, सातारा जिल्ह्याची मात्र सुमारे ७ टक्क्यांनीच. पाटणच्या डोंगरी वाड्यावस्त्यांवरून पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत जुनी आहे. तरुण गेले की भातलावणी, गुरंढोरं, नातवंडं सगळं मागे राहिलेल्या आई-वडिलांवर येतं. त्यांना निवृत्तीचं वयच नाही. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. तेवढ्यात औषधपाणी आणि घरखर्च कसा भागावा? म्हणून ही माणसं गुडघे दुखत असतानाही बांधावर जातात.

यावर धोरणाने मार्ग निघतो, याचा दाखला पाटणनेच दिला आहे. याच तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना संघटित केलं. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी देण्याची सोय झाली. रोज मालक बदलणाऱ्या हमालालाही म्हातारपणाचा आधार देता येतो, हे त्या कायद्याने सिद्ध केलं. शेतमजूर बाया आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी अशी व्यवस्था अजून उभी राहायची आहे.

राज्याचा प्रजनन दर २०१९-२१ मध्येच १.७ पर्यंत खाली आला होता, म्हणजे पुढे ज्येष्ठांचं प्रमाण वाढतच जाणार. त्यांच्या शुश्रूषेला, तपासणीला, ने-आण करायला प्रशिक्षित माणसं लागतील. त्या कामाला नीट पगार ठरवला, तर गावातल्या तरुणांना गावातच रोजगार मिळेल.

तेव्हा अभ्यास जरूर करा, रिक्त पदं वेळेवर भरण्याची मागणीही लावून धरा. मात्र त्याच निवेदनात गावातल्या आजी-आजोबांच्या पेन्शनवाढीची मागणीही लिहा. या दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.