रुतलेलं जहाज
आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक १४

अधिष्ठान, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि पाचवं दैव : कर्माची ही पाच कारणं भगवंत सांगतात.

जून २०११ मध्ये ‘एमव्ही विस्डम’ हे जहाज मुंबईत जुहूच्या वाळूत रुतलं. सुमारे तीन आठवडे ते तिथेच होतं. जुलैच्या सुरुवातीला अमावास्येच्या उधाणाची भरती आली, टगबोटींनी ओढलं, तेव्हा सुटलं.

भरती आपल्या हातात नाही, तेच दैव. पण दोर बांधून तयार नसता, तर पाणी चढून तसंच ओसरलं असतं.

इथे हिवरा आश्रमाला समुद्र नाही, पण कर्जात, नापिकीत रुतलेली घरं आहेत. त्यांना नुसतं ‘धीर धरा’ म्हणू नका. भरती येईपर्यंत दोर धरून सोबत थांबा.

हरि ॐ.