एवढ्याशा घासानंही होतं

अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला सर्वांत जास्त धास्ती असते ती नातलगांच्या आग्रहाची. "खाऊ दे गं, एवढ्याशानं काय होतंय?" आपल्याकडे कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट आणि उपासाच्या खिचडीत तर हवाच. शिवाय कुटाच्या डब्यातला चमचा तसाच साखरेच्या डब्यात जातो. दाण्यांची तीव्र ॲलर्जी असलेल्याला तेवढाही पुरतो. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत; पण हल्ली कौतुकानं आणलं जाणारं घाण्याचं तेल अशा घरात नको.

ॲलर्जी म्हणजे पचनाची तक्रार नव्हे. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात, ते मोठ्या माणसांत बहुधा दुधातली साखर न पचल्यामुळे; त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत मात्र प्रतिकारशक्तीच अन्नातल्या प्रथिनावर तुटून पडते. दूध, अंडी, दाणे, काजू, गहू, मासे, कोळंबी ही नेहमीची कारणं. लक्षणं बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतात. ओठ सुजतात, अंगावर गांध्या येतात. घरात म्हणतात पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी चोळतात. नुसत्या गांध्या असतील तर खुशाल चोळा, पण मुलावरची नजर हलवू नका.

आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, उलट्या थांबेनात, चक्कर आली किंवा मूल एकदम मलूल पडलं, तर ही आणीबाणी आहे. इथे औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते. कोसळणारा रक्तदाब ती सावरत नाही, म्हणून गोळी देऊन वाट बघत बसू नका. 108 ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबा, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. परदेशात सर्रास मिळणारं पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे एकदा असा झटका येऊन गेला असेल, तर घरात आणि शाळेत काय ठेवायचं, कोणी टोचायचं, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

याची दुसरी बाजूही आहे. रक्ताची आयजीजी चाचणी करून पन्नास-शंभर पदार्थांची 'वर्ज्य' यादी हातात देणारी पॅकेजेस निघाली आहेत. अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी तिचा उपयोग नाही. अशा यादीपायी दूध, अंडी, गहू बंद करून हाडकुळी झालेली मुलं बघवत नाहीत. निदान होतं ते मुख्यतः नीट विचारपूस करून, गरजेप्रमाणे त्वचेची किंवा आयजीई चाचणी करून. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते, दाण्यांची क्वचित. म्हणून अधूनमधून तपासून घ्यावं लागतं. घरच्या घरी 'देऊन बघू' असले प्रयोग नकोत.

बाळाला दाणे उशिरा द्यावेत, हा समजही आता मागे पडला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच दाणे सुरू केल्यावर ॲलर्जीचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटलं. वरचं अन्न सुरू झालं की दाण्याची पातळ पेस्ट चाटवा. अख्खा दाणा नको, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटावर दाणे, दूध, अंडी यांसारखे ॲलर्जीचे घटक छापणं बंधनकारक आहे, ते वाचा. तुमच्या घरच्या पातेल्याला लेबल नसतं. म्हणून वाढण्याआधी त्यात काय काय घातलंय ते आपणहून सांगा, आणि मूल 'नको' म्हणालं तर दुसऱ्यांदा विचारू नका.