नदीकाठचा मुक्काम

'मुक्काम' हा शब्द आपण रोजच वापरतो. पण मुक्काम कोठे करावा हेही एक शास्त्र आहे, असे कोणी सांगितले असते तर गेल्या वर्षापर्यंत मी हसलो असतो. त्या शास्त्राचा पहिला धडा मला एका मेंढपाळाने दिला. तोच येथे मांडीत आहे.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चार मित्र बुलढाण्याहून सायकलींवर निघालो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि परत, असा फेरा ठरला होता. मेहकरच्या अलीकडे पैनगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या तोंडाशी दिवस मावळला. पात्रात कोरडी, स्वच्छ वाळू होती. बाजूला हातभर रुंद पाणी वाहत होते. आम्ही ताडपत्री ताणली, तीन दगडांची चूल मांडली आणि खिचडी चढवली.

इतक्यात मेंढरांना पाणी दाखवायला एक म्हातारा धनगर आला. तो म्हणाला, "पोरहो, इथं नोका निजू. वरतं आभाय भरलं हाये."

आमच्या डोक्यावर तर चांदण्या होत्या! आम्ही वाद घालू लागलो. त्याने काहीच उत्तर न देता काठीने काठावरची बाभूळ दाखविली. आमच्या डोक्याच्याही वर तिच्या बेचक्यात वाळके गवत, काटक्या आणि चिंध्या अडकल्या होत्या. मागच्या पुराचे पाणी तेथपर्यंत चढले होते. आम्ही कुरकुरतच सामान उचलले आणि उंच दरडीवरच्या देवळाच्या ओट्यावर पथारी टाकली. मध्यरात्रीनंतर घरघर असा आवाज आला. पहाटे पाहतो तो वाळूही नाही आणि चूलही नाही! गढूळ पाणी दरडीला घासून वाहत होते. आमच्या अंगावर मात्र रात्रभर एक थेंबही पडला नव्हता.

परत आल्यावर ग्रंथालयात बसून मी याची कारणे शोधली. आपल्या जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग जाते. घाटाखाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि तेथून अरबी समुद्राला मिळतो. घाटावरचा पैनगंगेत येतो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. डोंगराळ भागात काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. त्यात पाणी फारसे मुरत नाही, ते उतारावरून धावत सुटते. म्हणून वरच्या अंगाला तासभर सरी कोसळल्या, की खाली कोरड्या असलेल्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. अशा वेळी आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून उपयोग नाही. नदी जिकडून येते तिकडचे आभाळ पाहावे लागते.

मग पूर्वीचे लोक नदीकाठी तळ कसे देत? मेहकरचेच उदाहरण घेऊ. जानोजी भोसल्यांवरील स्वारीत 1769 साली माधवराव पेशव्यांची छावणी येथे पडली होती. पुढे 1817 मध्ये नागपूरकडे जाताना जनरल डव्हटन यानेही येथेच तळ दिला. हत्ती, घोडे, बैल आणि हजारो माणसे यांना पाणी पुरविणे आडातून शक्य नव्हते, नदीच हवी. घाटाखाली तर खारपाणपट्टा, तेथे कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. पण या दोन्ही स्वाऱ्या पावसाळा सरल्यानंतरच्या आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याची आपली रीत केवळ धार्मिक नव्हे. तोवर नद्यांना उतार मिळतो, वाटा वाळतात आणि रानात चारा असतो. याउलट, ऐन पावसाळ्यात पंढरपूरहून परतणारी शेगावची पालखी याच मेहकरमार्गे येते. तिचे मुक्काम गावात असतात, पात्रात नव्हे. म्हणजे नदी जवळ असावी हे खरे. पण कोणत्या महिन्यात आणि किती उंचीवर, हा हिशेब त्याबरोबरच येतो.

त्या रात्रीपासून आम्ही काही नियम पाळतो. झाडाझुडपांत अडकलेला पुराचा कचरा आधी शोधावा आणि त्याच्याही वर पथारी टाकावी. दोन प्रवाहांच्या संगमाशी वा ओढ्याच्या तोंडाशी झोपू नये. पिण्यासाठी वाहते पाणी थेट न घेता वाळूत झिरा खणावा आणि त्याचेही पाणी उकळूनच प्यावे. शौचाला काठापासून दूर जावे. खालच्या गावाला तेच पाणी प्यायचे असते. वर धरण असेल तर पाणी सोडणार आहेत काय, याची गावात चौकशी करावी. पैनगंगेवर मेहकरच्या वर पेनटाकळीचे धरण आहे, हे आम्हांला नकाशा पाहून नंतर कळले! आणि शेवटचा नियम सर्वांत मोठा: गावकऱ्याने 'येथे नको' म्हटले, की वाद न घालता उठावे.

आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. त्यावरून जाणाऱ्याला पैनगंगा केव्हा ओलांडली हेही कळत नसेल. वेगाला माझा विरोध नाही. पण नदी वाचायला थांबावे लागते, आणि ती वाचता येणारी माणसे अजून आपल्या काठांवर मेंढरे चारीत आहेत. त्या धनगरबाबांचे नाव विचारायचेही आम्हांला त्या रात्री सुचले नाही, याची खंत मात्र राहिली आहे.