मोठे आतडे आणि जोंधळ्याची भाकरी



पचन म्हटले की आपण पोटावर हात ठेवतो. मोठ्या आतड्याची आठवण होते ती ते अडले म्हणजेच, आणि तेव्हाही त्याविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याला लाज वाटते. ही लाज कधी कधी जिवावर बेतते, म्हणून आज त्याविषयी उघड लिहीत आहोत.

जठर व लहान आतडे यांनी अन्नातील सत्त्व काढून घेतले की उरलेला पातळ रबडा ओटीपोटात उजव्या बाजूस मोठ्या आतड्यात उतरतो. हे आतडे दीड मीटरच लांब. लहान आतडे त्याच्या कितीतरी पट. ‘मोठे’ म्हणतात ते रुंदीमुळे. उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली असा त्याचा मार्ग आहे. त्यात दररोज सुमारे दीड लिटर पाणी येते, पण मळावाटे जेमतेम शे-दीडशे मिलिलिटर बाहेर जाते. बाकीचे पाणी व क्षार ते शरीराला परत करते. माल घाईने पुढे सरकला तर पाणी शोषायला सवड मिळत नाही व शौचास पातळ होते; फार वेळ अडून राहिला तर खडा होतो.

त्याचे दुसरे काम आपल्या ध्यानात येत नाही. बैलाला कडबा पचतो तो पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जंतूंमुळे. आपल्या शरीरात तसल्या जंतूंची मोठी वस्ती शेवटी, या आतड्यात असते. भाकरीतला कोंडा, डाळीची साले, भाजीचे धागे आपल्याला पचत नाहीत. हे जंतू ते आंबवतात. त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात त्यांतील ब्युटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तरातील पेशी जगतात. म्हणजे चोथा हा आतड्याचा चाराच होय.

युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया केलेले डॉ. डेनिस बर्किट यांनी सहकाऱ्यांसह १९७२ साली दाखवून दिले, की भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा मळ इंग्रजांच्या मानाने वजनाने पुष्कळ जास्त असतो व अन्न शरीरातून लवकर पुढे जाते. आपल्या हुबळी-धारवाड भागाला हे नवे नको. शंभर ग्रॅम जोंधळ्यात सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच मैद्यात तीन ग्रॅमही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी निदान पंचवीस ग्रॅम सांगते. भाकरी, अंबाडीची भाजी आणि उसळ असली तर हिशेब करावा लागत नाही.

अडचण होते बाजाराच्या दिवशी. पहाटे घाईने घर सोडायचे, कोप्पीकर रोडवर खरेदी करत दुपार करायची, मध्ये चहा-पाव नाहीतर गिरमिट आणि मिरची-भजी. पाणी मुद्दाम कमी प्यायचे, कारण जायला जागा नाही. बायकांचे हाल तर विचारू नयेत. खाल्ल्यानंतर, विशेषतः सकाळी, मोठे आतडे आपणहून हालते. ती हाक वारंवार दाबली तर मळ सुकतो, कुंथावे लागते, आणि मूळव्याधीला वाट मिळते. म्हणून त्या दिवशी अर्धा तास आधी उठावे, कोमट पाणी किंवा चहा घ्यावा आणि मोकळे होऊनच निघावे. सोबत भाकरी बांधून घ्यावी. ज्यांना चोथ्याची सवय नाही त्यांनी तो हळूहळू वाढवावा व पाणीही वाढवावे, नाहीतर पोट फुगते.

आता महत्त्वाचे. शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याधच असणार’ असे ठरवून भिंतीवरच्या जाहिराती वाचत जाणारे पुष्कळ आहेत. बहुतेक वेळा मूळव्याधच असते, परंतु मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो. आपल्या देशात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असला तरी होतो, आणि लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. रक्त, काळा मळ, सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, विनाकारण वजन घटणे किंवा पंडुरोग यांपैकी काही दिसले तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. डॉक्टर बोटाने तपासतील, गरज पडल्यास दुर्बीण घालतील. तपासणी थोडा वेळच चालते. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी सोबत घेऊन जावे. एकटे ते बहुधा जात नाहीत.