एका परदेशातून दुसऱ्या परदेशात

सोलापूर

चि. अमेय यास,

सोलापुरातून पहिल्यांदा इंग्लंडला जाणारा माणूस जय्यत तयारी करून निघतो. तोच माणूस काही वर्षांनी तिथून जर्मनीला निघाला की फारशी तयारी करत नाही. पाश्चात्त्य जग एकदा पाहून झाले, आता नवे काय असणार, असे त्याला वाटते. दुसऱ्या स्थलांतरातला बराचसा त्रास या समजुतीपायी होतो. पहिल्या देशात परकेपणा गृहीतच असतो, त्यामुळे चुकले तर माणूस चारचौघांना विचारतो. दुसऱ्या देशात तो विचारत नाही, मनाला लावून घेतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे अभ्यासण्यासारखे आहे. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाल्यावर त्याच्या शाखा काढण्यासाठी त्या सोलापुरातही आल्या होत्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन मठात आणि नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा बिशपांनी आक्षेप घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि मुक्काम लांबला. भाषा तीच, धर्म तोच, पण रीत निराळी निघाली. अमेरिकेत स्त्रिया संस्था चालवत होत्या, जाहीर सभांत बोलत होत्या. बोस्टनमध्ये रमाबाईंच्या कामासाठी उभ्या राहिलेल्या मंडळात वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र आले होते. १८८९ च्या त्यांच्या मराठी पुस्तकात अमेरिकन समाजाचे मोकळे कौतुक आहे. मात्र कृष्णवर्णीयांवर आणि मूळ रहिवाशांवर तिथे झालेला अन्यायही त्यांनी नोंदवला आहे. नवा देश आवडला म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत, हा त्यांचा गुण फार मोलाचा आहे. शाकाहारही त्यांनी दोन्ही देशांत सांभाळला.

आजच्या इंग्लंड आणि जर्मनीतही असेच अंतर आहे. इंग्रज माणूस नकार आडवळणाने देतो, जर्मन सहकारी ‘हे चुकले आहे’ असे भर बैठकीत सांगतो. तो दोष कामाला दिलेला असतो, माणसाला नव्हे. बैठक संपली की तोच सहकारी जेवायला सोबत बसतो. इंग्लंडच्या कचेऱ्यांत पहिल्या दिवसापासून साहेबालाही नावाने हाक मारतात. जर्मनीत, विशेषतः जुन्या वळणाच्या ठिकाणी, वडीलधाऱ्याने किंवा वरिष्ठाने सुचवेपर्यंत आडनावानेच बोलावे. मराठी घरात वाढलेल्याला हे जड जाऊ नये.

रविवारी जर्मनीत बहुतेक दुकाने बंद असतात आणि शांतता पाळावी लागते. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावले की शेजारी दार ठोठावतो. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते. ती पावती हातात नसली तर बँकेपासून कराच्या क्रमांकापर्यंत कामे अडतात. इंग्लंडमध्ये अशी नोंद नसल्याने तिथून आलेले नेमके इथेच गाफील राहतात.

सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असणारच, ती दोन्ही टिकाऊ आहेत. मात्र चटणी पुढे करण्यापूर्वी त्यात शेंगदाणे आहेत हे सांगावे. पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीची माणसे भेटतात आणि ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते. सोलापुरी पाहुणचाराला या एका वाक्याची जोड द्यायला कुणाची हरकत नसावी.

सगळ्यात मोठे काम भाषेचे. संगणकाच्या कचेरीत इंग्रजीवर भागते, पण घरमालकिणीशी बोलणे, दवाखान्याचा फोन आणि सरकारी पत्रे बहुधा जर्मनमध्येच असतात. इंग्रजीवर विसंबलेला माणूस कचेरी आणि भारतीय मित्रमंडळ यांतच अडकून पडतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि युद्धाच्या धामधुमीतही चिनी शिकून त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, शाळेत मराठी असे बोलत सोलापूरची कित्येक मुले वाढतात, तेव्हा आणखी एका भाषेचा धाक वाटायचे कारण नाही. शिवाय जर्मनीत कायम वास्तव्याच्या परवान्याला साधारणपणे जर्मन भाषेची बी-१ म्हणजे मध्यम पातळी लागते. जर्मनचा वर्ग इंग्लंड सोडण्याआधीच सुरू करावा, कारण नव्या नोकरीचे पहिले काही महिने घर आणि कागदपत्रे यांतच जातात.

तुझा,
काका