प्रेअरीतील खळगी आणि त्यांचे संरक्षण

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ मैदानांना ‘प्रेअरी’ असे नाव आहे. या मैदानांच्या उत्तर भागात लहान लहान पाणथळ खळग्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा हे प्रांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर डाकोटा, दक्षिण डाकोटा, मिनेसोटा, आयोवा व मॉन्टाना ही राज्ये यांच्या काही भागांत तो पसरला असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ लाख चौरस किलोमीटर आहे. या खंडातील निम्म्याहून अधिक बदके याच पट्ट्यात जन्माला येतात असे मानले जाते.

ही खळगी हिमयुगाची देणगी होय. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी या प्रदेशावरील प्रचंड हिमस्तर वितळून मागे हटू लागला. त्याने वाहून आणलेल्या मातीत व दगडगोट्यांत बर्फाचे मोठमोठे तुकडे गाडले गेले होते. ते वितळले तेव्हा वरची माती खचली आणि खळगे तयार झाले. बहुतेक खळग्यांतून पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नसते. वसंतात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी त्यांत साठते. उन्हाळ्यात त्यातील काही वाफ होऊन जाते, तर काही जमिनीत मुरते. काही खळगी दोन-चार आठवड्यांतच कोरडी पडतात, काही हंगामभर टिकतात, तर काही वर्षानुवर्षे आटत नाहीत.

जे खळगे अल्पकाळ टिकते ते निरुपयोगी, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उथळ पाणी लवकर तापते. त्यामुळे मोठी सरोवरे अद्याप गोठलेली असतानाच या डबक्यांत कीटकांच्या अळ्या, गोगलगायी व इतर सूक्ष्म जलचर यांची रेलचेल होते. अंडी घालण्याच्या तयारीत असलेल्या बदकाच्या मादीला याच सकस आहाराची गरज असते. शिवाय मीलनाच्या काळात अनेक जातींचे नर दुसऱ्या जोडीला आपल्याजवळ फिरकू देत नाहीत. त्यामुळे एका मोठ्या तळ्यापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाच्या अनेक डबक्यांत अधिक जोड्या सामावतात. पुढे पिले बाहेर पडल्यावर मात्र त्यांना अधिक खोल व टिकाऊ पाणी लागते. म्हणून सर्व प्रकारची खळगी एकमेकांच्या जवळ असावी लागतात. अवर्षणही सर्वस्वी अनिष्ट नसते. तळ उघडा पडला की गाळातील वनस्पती कुजतात, नवे बी रुजते आणि पुन्हा पाणी भरल्यावर खळगे अधिक समृद्ध होते.

या प्रदेशात संरक्षणाचा आरंभ फार लवकर झाला. आज सस्कॅचेवानमध्ये असलेल्या लास्ट माउंटन सरोवराच्या उत्तर टोकाची सुमारे २,५०० एकर जमीन १८८७ साली पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आली. नायब राज्यपाल एडगर ड्यूडनी यांनी तशी शिफारस केली होती. वसाहतीचा लोंढा तेथवर पोहोचण्यापूर्वीच स्थापन झालेले हे उत्तर अमेरिकेतील केंद्र सरकारने राखलेले पहिले पक्षी अभयारण्य होय. शरद ऋतूत दक्षिणेकडे जाणारे सँडहिल क्रौंच येथे हजारोंच्या संख्येने उतरतात. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराखालील यादीत या सरोवराचा समावेश १९८२ साली झाला.

परंतु अभयारण्याची सीमा मोठ्या सरोवराभोवती आखता येते. शेताशेतांत विखुरलेल्या लाखो डबक्यांभोवती ती कशी आखावी? ही बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने खळगे म्हणजे वाया गेलेली जमीन. त्याला वळसा घालून यंत्र चालवावे लागते. साहजिकच चर खणून किंवा जमिनीखाली नळ घालून पाणी काढून देण्यात आले. १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत उत्तर डाकोटातील सुमारे निम्म्या आणि आयोवातील जवळजवळ ८९ टक्के पाणथळ जमिनी नाहीशा झाल्या. याचा उपद्रव केवळ पक्ष्यांनाच झाला असे नाही. पूर्वी खळग्यांत थांबणारे पाणी आता नद्यांत वेगाने उतरते व पुराला हातभार लावते.

१९३० नंतरच्या दशकातील भीषण अवर्षणात बदकांची संख्या फार घटली, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता लक्षात आली. संयुक्त संस्थानांत १९३४ साली कायदा होऊन पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्यास विशेष तिकीट विकत घेणे बंधनकारक झाले. १९५८ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व तिकिटांच्या उत्पन्नातून लहान पाणथळ जागांनाही संरक्षण देता येऊ लागले. काही जागा सरकारने विकत घेतल्या. इतर ठिकाणी शेतकऱ्यांशी कायमचे करार केले. अशा करारानुसार जमीन शेतकऱ्याचीच राहते. ठरलेला मोबदला घेऊन तो खळगे न उपसण्याचे, न बुजवण्याचे व न जाळण्याचे वचन देतो. ते आपोआप कोरडे पडले, तर तेथे पीक घेण्यास वा गुरे चारण्यास त्याला मुभा असते. १९८५ च्या कायद्याने तर पाणथळ जमीन कोरडी करून पिकाखाली आणणाऱ्याच्या सरकारी सवलती बंद करण्याची तरतूद केली.

अभयारण्ये प्रवासी पक्ष्यांना विसावा देतात आणि म्हणून ती अत्यावश्यकच आहेत. परंतु शरदात त्यांच्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांपैकी असंख्य बदके कोणा शेतकऱ्याच्या शेतातील डबक्याकाठी वाढलेली असतात. ती डबकी बुजली, तर अभयारण्यातील पाणी कितीही सुरक्षित राहिले तरी त्यावर उतरणारे थवे विरळ होत जातील.