हरवलेली माहिती परत कशी मिळते?

२६ जुलै २००५ चा मंगळवार ठाणे जिल्ह्यातील लोक विसरलेले नाहीत. मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर भागांत घरादारांत शिरले. अशा पुरात संगणकातील माहिती कशी वाचवावी?

आधी लहान संकट घेऊ. समजा, कल्याणमधील एका शाळेच्या संगणकात दहावीचे गुण आहेत आणि त्याच्या हार्डडिस्कचे १००० कप्पे आहेत. सकाळी १० वाजता आपण 'स्नॅपशॉट' घेतला. त्या वेळी एकाही कप्प्याची नक्कल होत नाही. 'ही स्थिती जपायची' एवढीच खूण संगणक करतो. पुढे एखाद्या कप्प्यात नवे लिहायचे झाले, की त्यातील जुना मजकूर आधी राखीव जागेत ठेवला जातो. दुपारपर्यंत १२ कप्पे बदलले, तर राखीव जागेत फक्त १२ कप्पे असतात. म्हणूनच स्नॅपशॉट क्षणात होतो.

दुपारी कोणी चुकून गुण पुसले, तर? राखीव जागेतील १२ जुने कप्पे आणि न बदललेले ९८८ मूळ कप्पे एकत्र केले, की १० वाजताची स्थिती जशीच्या तशी मिळते.

पण हार्डडिस्कच पुरात गेली, तर ते ९८८ कप्पे कोठून आणणार? म्हणून स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे सर्व माहितीची दुसऱ्या डिस्कवरील पूर्ण प्रत. तीही त्याच कपाटात ठेवली, तर दोन्ही एकदमच भिजतील. एक प्रत दुसऱ्या गावी, पुण्याला किंवा नाशिकला, असावी. शिवाय रविवारी रात्री प्रत केली आणि मंगळवारी पूर आला, तर मधल्या नोंदी गेल्याच! किती दिवसांचे काम गमावणे परवडेल, यावरून प्रत किती वेळा करायची ते ठरते.

माहिती परत मिळवताना दोन गोष्टी पाळा. जिच्यावरून माहिती गेली त्या डिस्कवर नवे काही लिहू नका; जुन्या मजकुरावर नवा लिहिला गेला, तर जुना परत मिळत नाही. आणि बॅकअप नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवून तपासा.

करून पाहा : बॅकअपमधील एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवा, उघडा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. ती उघडली नाही, तर आपल्याजवळ बॅकअप नव्हताच, हे पूर येण्याआधीच कळेल.